नवऱ्याची पहिली कॅरी गन : शील्ड ईझी ९ एमएम, आठ महिने वापरल्यावर

नवऱ्याच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी गेली पाच वर्षं दुखतंय, डाव्यात जास्त. तो फार्मासिस्ट आहे, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीकडे त्याची आणि त्याच्या गुजराती पार्टनरची छोटीशी फार्मसी आहे, आणि दिवसभर त्या लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशा झाकणांच्या बाटल्या, डाव्या हातात बाटली आवळून धरायची, उजव्या तळव्याने झाकण दाबायचं आणि फिरवायचं, दिवसाला शेकडो वेळा. हे आधी सांगते कारण आमच्याकडे कॅरीची, म्हणजे कमरेला लपवून बाळगायची बंदूक, स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी पिस्तूल, निवडली ती या अंगठ्यांनी. यूट्यूबने नाही, दुकानदाराने नाही आणि मीसुद्धा नाही.

घ्यायचीच का, हा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ वर्षभर चालला. रात्री दुकान बंद करून मागच्या पार्किंगमध्ये एकटाच गाडीपर्यंत जायचं असतं, एकदा गाडीपाशी दोन माणसं नुसती उभी होती, काही बोलली नाहीत, याने आतूनच पाहिलं आणि पुन्हा दार लावून घेतलं, वीस मिनिटांनी ती गेली. त्या रात्री घरी आल्यावर तो जेवला नाही. मग आम्ही आधी बाकीचं सगळं केलं, पार्किंगला दिवे, कॅमेरे, औषधांच्या तिजोरीला टाइम डिले लॉक, दोघांनी मिळूनच बाहेर पडायचं, आणि एक गोष्ट पक्की ठरवली की काउंटरवर कुणी धमकावून गोळ्या मागितल्या तर देऊन टाकायच्या. चोरी झाली की डीईएचा, म्हणजे नशेच्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या फेडरल खात्याचा, १०६ नंबरचा फॉर्म भरायचा, इन्शुरन्सला कळवायचं, माल गेला तर गेला. बंदूक औषधांसाठी नाही, गल्ल्यासाठी नाही, ती फक्त जीव वाचवायला दुसरा काही रस्ताच उरला नाही तर. हे ज्या घरात बोलून झालेलं नाही त्यांनी दुकानात जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माझं सांगते. मी कोल्हापूरची, कॉलेजात तीन वर्षं एनसीसी केलं, कॅम्पला पॉइंट टू टू रायफल चालवली. आमचे उस्ताद जमिनीवर आडवं पाडून शिकवायचे, अर्धा श्वास सोड, थांब, आता हळू. आणि कोल्हापुरात नेमबाजी ही तशी घरातलीच गोष्ट आहे बघा, तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते, राही सरनोबतचं २०१८ चं एशियाडचं गोल्ड मी इथे रात्री जागून पाहिलं, आणि पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हा तर राधानगरीकडच्या पोराने जिंकलं म्हणून आईचा फोन पहाटे. त्यामुळे घरात बंदुकीची थोडी सवय असलेली मी आणि आयुष्यात कधी हात न लावलेला तो, अशी आमची जोडी. पण रायफल वेगळी आणि कमरेला लावायचं पिस्तूल वेगळं, तिथे माझं ज्ञानही अपुरंच होतं, हे पहिल्याच दिवशी कळलं.

पहिलं दुकान आमच्या घराजवळचंच. काउंटरवरच्या माणसाने याला पाहिलं, मला बाजूला काढलं आणि पॉइंट फोर फाइव्हचं एक मोठं स्टीलचं पिस्तूल याच्या हातात दिलं, पुरुषाने असं काहीतरी वापरावं म्हणाला. नवऱ्याचे हात लहान आहेत, बोटं आखूड, ट्रिगरपर्यंत बोट नेताना पकड सगळी उजवीकडे फिरत होती, म्हणजे नळी हाताच्या रेषेतच येईना. मी म्हटलं जरा लहान दाखवा, तर त्याने एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन पाच गोळ्यांची अगदी हलकी रिव्हॉल्वर काढली, ही घ्या, सोप्पी आहे, ओढायचं काही नाही. आणि मी काचेतली शील्ड ईझी दाखवा म्हटल्यावर हसून म्हणाला, ती मिसेससाठी घ्या, बायकांची गन आहे ती. नवऱ्याचा चेहरा मी पाहिला. तो कधी कुणाशी भांडत नाही, पण त्याने ती हातातच घेतली नाही, आणि आम्ही तिथून निघालो. त्या एका वाक्याने आमचे दोन महिने गेले, कारण मग त्याच्या डोक्यात बसलं की ही नकोच.

दोन महिन्यांनी एका मैत्रिणीने दुसरी रेंज सांगितली, आमच्यापासून अर्ध्या तासावर, आणि हा रिव्ह्यू अर्धा त्या रेंजबद्दलसुद्धा आहे. तिथे एकदा भाडं भरलं की त्या दिवसात हव्या तितक्या बंदुका बदलून चालवता येतात, फक्त गोळ्या त्यांच्याकडच्याच घ्यायच्या. आणि पहिल्यांदा येणाऱ्याला लेनवर सोडायच्या आधी पाऊण तास एका खोलीत बसवतात, समोर रिकामी बंदूक. शिकवणारी बाई साठीच्या आसपासची, पांढरे केस, स्वतःच्या बोटांना आर्थ्रायटिस. तिने माझ्याकडे बघून पहिली गोष्ट विचारली, बंदूक कोण बाळगणार? मी याच्याकडे बोट दाखवलं. मग तुम्ही त्या खुर्चीत बसा आणि मी विचारेपर्यंत काही सांगू नका, असं तिने मला अगदी प्रेमाने पण सरळ सांगितलं. मला तेव्हा थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. पण आज वाटतं सगळ्या नवराबायकोंना कुणीतरी हे सांगायला हवं. आपल्याला जमतं ते आपण दुसऱ्याच्या हातात कोंबतो, मग तो बिचारा वर्षानुवर्षं ती कपाटात ठेवतो आणि सराव करत नाही. जो बाळगणार त्याचा हात, त्याचं बोट, त्याचा पट्टा. सोबतच्या माणसाचं काम गोळ्यांची पिशवी धरायची, त्याला घाई होऊ द्यायची नाही आणि दुकानदार चुकीचं काही विकायला लागला तर मध्ये पडायचं.

खोलीत तिने चार नियम पाठ करून घेतले, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी कधी न्यायची नाही, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी नाही. उस्तादांनी आम्हाला हेच हिंदीत शिकवलं होतं. मग तिने त्याचा हात मोजला. टेप वगैरे काही नाही, रिकामी बंदूक हातात देऊन बोट ट्रिगरवर कुठे पडतं तेवढं पाहिलं. पहिल्या पेराचा मधला भाग आरामात पडायला हवा, नळी मनगट आणि कोपराच्या रेषेत राहून. याच्यामुळेच पाच बंदुका बाद झाल्या, एकही गोळी न उडवता.

नंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, जो मागे घेऊन सोडला की गोळी नळीत जाते. बहुतेक नवीन माणसं पिस्तूल लांब धरतात आणि अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइडचं मागचं टोक पकडून ओढतात, गुलेर ओढल्यासारखं. नवऱ्याने तसंच केलं आणि अर्ध्यावर कळ आली, तोंड वेडंवाकडं झालं. तिने शिकवलं ते असं, पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी समोर टार्गेटकडेच, डावा तळवा वरून स्लाइडवर ठेवून चारी बोटांनी पकडायचं, अंगठा आपल्याकडे, आणि मग डावा हात तिथेच घट्ट ठेवून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. ओढायचं नाही, ढकलायचं. खांद्याची ताकद येते, अंगठ्यावर काही येत नाही. यानेच अर्धं काम झालं आणि मी मनात म्हटलं, ताकद नाही ताकद नाही म्हणून जे लोक हिरमुसून घरी जातात त्यांना हे दोन मिनिटांचं कुणी शिकवतच नाही.

तरी उरलेलं अर्धं काम स्प्रिंगचं होतं. लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल, हा सगळ्यात मोठा गैरसमज. गोळी तीच ९ एमएमची, तिचा धक्का तोच, बंदूक जितकी हलकी आणि आखूड तितका तो धक्का हातात जास्त, आणि आखूड स्लाइड थांबवायला स्प्रिंगही कडक लागते. पॉइंट थ्री एट्टीची गोळी कमी ताकदीची म्हणून सोपी, हेसुद्धा नेहमी खरं नाही, ज्या जुन्या पद्धतीच्या पिस्तुलांत नळी लॉक होत नाही आणि सगळा भार स्प्रिंगच पेलते त्यांची स्लाइड ९ एमएमपेक्षाही घट्ट असू शकते. त्या दिवशी त्याने काय काय चालवलं सांगते. ग्लॉक १९, ही १९८८ पासूनची, १५ गोळ्यांची, सगळ्यांना माहीत असलेली. धक्का मऊ, नेम छान, पण याच्या हाताला जाड. मग सिग पी३६५, २०१८ ला आली आणि लहान पिस्तुलात १० गोळ्या कशा बसवायच्या ते हिनेच लोकांना दाखवलं, लपायला पाहिलेल्यात सगळ्यात चांगली, मला स्वतःला हीच आवडली. वॉल्थर पीडीपीची एफ सिरीज, ती मुद्दाम लहान हातांसाठी बनवलीय, ट्रिगर अप्रतिम, पण कमरेला त्याला मोठी वाटली. हलकी रिव्हॉल्वरसुद्धा त्याने चालवून पाहिली, पहिल्या दुकानदाराने सांगितलेली होती त्या प्रकारची. पाच गोळ्यांनंतर त्याने ती स्वतःच खाली ठेवली. ट्रिगर लांब आणि जड, सगळा धक्का थेट अंगठ्याच्या मुळाशी, जिथे आधीच दुखतंय तिथेच.

शील्ड ईझी त्या बाईने सगळ्यात शेवटी आणली, ती पण नाव न सांगता. नुसतं म्हणाली डोळे मिटा आणि स्लाइड मागे घ्या. त्याने नेहमीसारखा दम घेतला, दात आवळले, आणि स्लाइड झर्रकन मागे गेली, एवढी सहज की त्याने डोळे उघडून हाताकडे पाहिलं. पुन्हा केलं. मग चिमटीत धरून, मुद्दाम चुकीच्या पद्धतीने केलं, तरी आली. आत लपवलेला हॅमर, म्हणजे घोडा, आहे तिच्यात, त्यामुळे स्प्रिंग हलकी ठेवता आलीय असं तिने समजावलं. मग तिने नाव सांगितलं आणि याचा चेहरा पुन्हा तसाच झाला, पहिल्या दुकानातला. बायकांची ना, म्हणाला. तिने स्वतःची सुजलेली बोटं पुढे केली आणि म्हणाली, बंदुकीला बाई पुरुष कळत नाही, कळतो तो फक्त हात. मी खुर्चीतून एक शब्द बोलले नाही. त्याने ५० गोळ्या उडवल्या, सात यार्डांवर, आणि टार्गेट परत आणलं तर बहुतेक सगळी भोकं एका पोळीएवढ्या जागेत होती. आधीच्या चारही बंदुकांची टार्गेटं बाजूला ठेवून पाहिलं आणि त्याने स्वतःच सांगितलं, हीच.

लेनवरची एक गोष्ट सांगायलाच हवी. गरम पुंगळी. बंदुकीतून रिकामी पुंगळी उजवीकडे उडते आणि कधी कधी बाजूच्या पार्टिशनला लागून परत आपल्यावर येते. मी त्या दिवशी मोठ्या गळ्याची कुर्ती घालून गेले होते, दुसऱ्याच फेरीत एक आत गेली आणि चटका बसला, आणि अशा वेळी माणूस नाचायला लागतो, हातात भरलेली बंदूक घेऊन. उस्तादांची कृपा की मी नळी समोर ठेवून आधी बंदूक खाली ठेवली आणि मग पुंगळी काढली, डाग अजून आहे. बायकांनो, बंद गळ्याचा टीशर्ट घाला, डोक्यावर कॅप घाला. कानात बोळे आणि वरून हेडफोनसारखे मफ, दोन्ही, बंद रेंजमध्ये ९ एमएमचा आवाज नुसत्या बोळ्यांनी भागत नाही. आणि बाहेर पडल्यावर थंड पाण्याने साबण लावून हात धुवायचे, शिशाची धूळ असते, त्याआधी तोंडाला हात लावायचा नाही. दिवस गेलेल्या बाईने तर त्या हवेत जाऊच नये.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण आपल्या लोकांत यावर फार चुकीचं पसरलेलं असतं. एच वन किंवा एच फोर व्हिसावर असाल तर साधारणपणे बंदूक घेता येत नाही, शिकारीच्या लायसन्सची वगैरे सवलत आहे पण कॅरीसाठी म्हणून त्या वाटेला कुणी जाऊ नका, उद्या ग्रीन कार्डच्या वेळी काय होईल ते वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड आणि सिटिझन चालतं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म असतो आणि त्यात पहिल्या प्रश्नांतच विचारतात की खरा खरेदीदार तुम्हीच का. तिथे पैसे त्याचे, नाव माझं, वापरेल तो, असं करायचं नाही. खरी गिफ्ट देणं वेगळं, पण दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा फेडरल गुन्हा आहे. म्हणून फॉर्म त्याने भरला, कार्ड त्याचं, मी बाजूला उभी. एफबीआयचं बॅकग्राउंड चेक वीस मिनिटांत आलं. गांजाचा प्रश्नही असतो, राज्यात चालत असला तरी फेडरलला चालत नाही, खोटं लिहू नका.

किंमत साडेचारशे डॉलरच्या आसपास, वर सव्वाआठ टक्के टॅक्स. सोबत दोन मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेट्या, ८ गोळ्यांची. वजन रिकामी असताना ६५० ग्रॅमच्या पुढेमागे, नळी पावणेचार इंचांना थोडी कमी.

मॅगझिन भरणं ही ती गोष्ट आहे जी दुकानात कुणी दाखवत नाही आणि घरी आल्यावर माणसाला रडवते. साध्या मॅगझिनमध्ये तिसऱ्या चौथ्या गोळीनंतर स्प्रिंग इतकी कडक होते की अंगठ्याचं नख वाकतं. हिच्या मॅगझिनला बाजूला छोटं बटण आहे, ते खाली ओढून धरायचं, गोळी अलगद आत पडते, पुढची, पुढची. नवरा आता टीव्ही बघत बघत भरतो म्हटलं तरी चालेल, म्हणजे बघत नाही हो, टेबलावर बसूनच भरतो, पण चेहऱ्यावर ताण नसतो. पकडीच्या मागे ग्रिप सेफ्टी आहे, तळव्याने पूर्ण दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही. हे चांगलं, पण त्यासाठी पकड रोज एकसारखी आणि वरपर्यंत लागायला हवी, घाईत खाली पकडली तर बंदूक नाही म्हणेल, म्हणून होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, काढतानाच पूर्ण पकड घ्यायचा सराव आम्ही करतो, रिकाम्या बंदुकीने. अंगठ्याची वेगळी सेफ्टी असलेलं आणि नसलेलं, दोन्ही मॉडेल मिळतं. त्याने नसलेलं घेतलं, कारण अंगठा. वरच्या बाजूला एक छोटी पट्टी आहे, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, गोळी असली की ती उचलली जाते, अंधारात बोटाने कळतं, पण तरी उघडून पाहायचंच, पट्टीवर विसंबायचं नाही. उघडून साफ करताना ट्रिगर दाबावा लागत नाही, घरात मुलं असलेल्यांना याचं मोल कळेल.

काय कमी आहे तेही सांगते. ८ गोळ्या, आणि त्याच आकारात आज १० ते १३ मिळतात, म्हणून ज्यांच्या हातांना काही त्रास नाही त्यांनी पी३६५ किंवा शील्ड प्लस आधी बघावी. लपवायला ही सगळ्यात लहान नाही. आणि सेकंड हँड घेत असाल तर लक्षात ठेवा, २०२० च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्या ईझींच्या हॅमरबद्दल कंपनीनेच सेफ्टी अलर्ट काढला होता आणि भाग बदलून दिले होते, तर सिरियल नंबर कंपनीकडून तपासून घ्या, मगच पैसे द्या. आमची नवी आहे, आठ महिन्यांत हजारेक गोळ्या झाल्या असतील, एकदाही अडकली नाही. आधी २०० साध्या आणि ५० हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या स्वसंरक्षणाच्या गोळ्या, नीट चालल्यावरच त्याने कमरेला लावली.

आता होल्स्टर, आणि इथे आमचे पैसे फुकट गेले. पहिलं घेतलं ते स्वस्तातलं कापडी, कुठल्याही बंदुकीला चालेल असं लिहिलेलं. त्यात ट्रिगरवरचं कापड इतकं मऊ की बाहेरून बोट दाबलं तर ट्रिगरला लागायचं. मी ते एका संध्याकाळी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. होल्स्टर कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, त्याच मॉडेलसाठी घडवलेलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि पट्टा साधा नाही, कॅरीसाठीचा जाड. नवऱ्याला पोट आहे थोडं, पुढे लावलं की खाली बसताना टोचायचं, म्हणून उजव्या कमरेला थोडं मागे. वरून पांढरा कोट असतो त्यामुळे झाकलं जातं, पण वरच्या शेल्फवरची बाटली काढायला हात उंच केला की कोट वर जातो आणि खालच्या ड्रॉवरला वाकलं की मागून उठून दिसतं. आठवडाभर मी त्याला घरी स्वयंपाकघरात डबे काढायला लावले, वरचे खालचे, आणि मागे उभी राहून सांगत होते, दिसतंय, नाही दिसत, दिसतंय. आता तो गुडघ्यात वाकतो, कमरेत नाही.

मैत्रिणी विचारतात साडीवर काय. खरं सांगू का, पर्समध्ये ठेवू नका, पर्स आपण कुठेही ठेवतो, मंदिरात, पार्टीत, खुर्चीला लटकवतो, आणि लहान मूल आधी पर्सच उघडतं. पट्टा न लागणारी फ्लस्टर एनिग्मासारखी चौकट येते, ती अंगाला बांधली जाते, कुर्तीखाली चालते, मी एकीची पाहिलीय. साडीत मात्र मला काही पटलेलं नाही, त्या दिवशी घरी लॉकरमध्ये.

टेक्ससमध्ये २०२१ च्या १ सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवाय कॅरी करता येतं, म्हणून नवरा म्हणाला क्लास कशाला. इथे मात्र मी खुर्चीतून उठले. एलटीसी, म्हणजे टेक्ससचं कॅरीचं लायसन्स, घ्यायचंच. ४० डॉलर फी, काही तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि ५० गोळ्यांची टेस्ट, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ लागतात. दुसऱ्या कितीतरी राज्यांत ते चालतं, शाळेच्या हजार फुटांत बंदूक नेऊ नये या फेडरल नियमात राज्याचं लायसन्स असलेल्याला सूट आहे, आणि आमची मुलाला सोडायची वाट तिथूनच. पण खरं कारण वर्ग. कुठे गोळी झाडता येते यापेक्षा कुठे झाडायची नाही हे त्या माणसाने चार तास सांगितलं. दाराबाहेरच्या ३०.०६ च्या पाट्या, म्हणजे लायसन्स असलं तरी लपवलेली बंदूक आत आणू नका असं सांगणाऱ्या, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये इंचभर अक्षरांत, बारबाहेरची लाल ५१ टक्क्यांची पाटी, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायच्या दारूची म्हणून बंदूक नाही, हे सगळं तो आता गाडीतूनच वाचतो. फार्मसीची पार्सलं पोस्टात टाकायची असतात, ती आता पार्टनर नेतो, कारण पोस्टाच्या आवारात बंदूक नाही.

टेस्टला त्याला २५० पैकी २३१ मिळाले. त्याआधी दीड महिना आम्ही रोज रात्री दहा मिनिटं ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबायचा सराव, केलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, चेंबर दोघांनी तपासायचा, मी बघायचा आणि त्याने बघायचा, मग स्नॅप कॅप, म्हणजे सरावाच्या खोट्या गोळ्या, घालून भिंतीवरच्या ठिपक्यावर. रेंजवर मी त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी गोळी घालते. ट्रिगर दाबला, आवाज नाही, आणि नळी खाली झुकली की कळतं माणूस धक्क्याला आधीच घाबरून हात दाबतोय. सुरुवातीला नळी चांगली बोटभर खाली जायची. त्याला दिसलं आणि तो गप्प झाला, मग म्हणाला परत घाल. मार्चमध्ये एकदा डमी आली आणि नळी जागची हलली नाही, मी मागे उभी होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मफ आणि चष्म्यात पुसताही येईना.

घरी बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी आहे, पलंगाच्या चौकटीला बोल्टने आवळलेली, शिवाय किल्ली आमच्या दोघांकडेच. मुलगा बारा वर्षांचा आहे. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. त्याला आम्ही लपवलं नाही, रिकामी करून, उघडून, एकदा दाखवली, चार नियम पाठ करून घेतले, आणि सांगितलं की मित्राच्या घरी दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचं आणि मोठ्यांना सांगायचं. गणपतीत घरी चाळीस माणसं येतात, पोरं सगळ्या खोल्यांतून पळतात, त्या दिवशी बेडरूमला कुलूप.

खंडेनवमीला सासूबाईंच्या सांगण्यावरून आमच्याकडे दरवर्षी त्याचा गोळ्या मोजायचा ट्रे आणि स्पॅच्युला पाटावर असतो, माझी विळी आणि शिवणाची कात्री. यंदा रिकामी शील्डपण ठेवली, स्लाइड मागे उघडी, मॅगझिन बाहेर. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं, हळदकुंकू ट्रेला आधी लाव म्हणाल्या, घर त्याच्यावर चालतं. त्याने आधी ट्रेला लावलं, मग विळीला, आणि बंदुकीला तेलाचा हात फिरवून परत तिजोरीत ठेवली.

रविवारी सकाळी आठला रेंज उघडते तेव्हा गर्दी नसते आणि ती बाई रविवारीच असते. पहिल्यांदा जाणार असाल तर फोन करून तिचा वेळ घ्या, हात दुखत असेल तर फोनवरच सांगा, आणि जो बाळगणार त्यालाच पुढे बसवा.